हसनखालूंना घेऊन उत्तरेला

प्रवासाहून परत आलं की लोक विचारतात, काय काय पाहिलं? मग आपण डोंगर, समुद्र, जेवण असं सांगत सुटतो. या वेळी मी परत आल्यापासून तोंड शिवून बसलो होतो. बायको म्हणाली, बोलत नाहीस तर निदान लिहून तरी काढ. म्हणून हे लिहितोय. ज्यांना तांबड्या समुद्राचा उत्तरेकडचा किनारा पाहायचा असेल त्यांनी जरूर जावं. रस्ता उत्तम आहे, थंडीत हवा छान असते, मासे ताजे मिळतात. मला मात्र आता कुणी डोक्यावर घेऊन नेलं तरी तिकडे जायचं नाही.

जेद्दा

मी जेद्दाच्या अझीझियात राहतो आणि एसी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस सांभाळतो. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, दाभोळच्या खाडीच्या कडेला. हसनखालू म्हणजे माझ्या खालाचे, मावशीचे, यजमान. सगळा जन्म त्यांनी होडीवर काढला. होडीचा म्होरक्या म्हणून गावात त्यांना अजूनही तांडेलच म्हणतात, आणि वाऱ्याबद्दल ते जे बोलतील ते मान खाली घालून ऐकतात. रागीट म्हणूनही ख्याती आहे. मी लहान असताना ते गल्लीत शिरले की आमचा गोट्यांचा डाव आपोआप मोडायचा.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा खालूंनी होडी विकली आणि एकुलत्या एका मुलाला, मुश्ताकला, बजावलं, की तू समुद्राचं तोंड बघायचं नाही. मुश्ताक रियाधला आला, अल मलाझमधल्या एका दुकानात लागला. बाप खूश. पण पोराचा जीव त्या दुकानात रमेना. त्यानं कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो मालक, बदलला आणि थेट अल वजहच्या बाजूला मासेमारीच्या लाँचवर जाऊन लागला. बापाला सांगायची छाती नव्हती, म्हणून आईला फोन केला, "बावांना तूच सांग." खाला "सांगते" म्हणाली आणि आज सांगू, उद्या सांगू करत राहिली. तिचीही छाती झाली नाही. मुश्ताक समजत होता की बापाला सगळं माहीत आहे, आणि बाप समजत होता की पोर रियाधच्या दुकानात बसलाय.

गेल्या हिवाळ्यात मुश्ताक जिच्यातून गेला होता ती लाँचची छोटी होडी उलटलेली सापडली. तो सापडला नाही. "अल वजहच्या उत्तरेला, समुद्रात," एवढंच आम्हाला फोनवर कळलं. मुलगा समुद्रावर होता हे खालूंना त्याच दिवशी कळलं. एकाच तोंडानं दोन्ही बातम्या सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं.

या हिवाळ्यात खालू उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, आले. उमरा झाला, जमजमचे कॅन बांधून झाले, आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसल्यावर म्हणाले, "अस्लम, आता मना तिकडं ने."

"खालू, तिथे काय आहे बघायला? कबरसुद्धा नाही."

"मना बगायचा नाय. एक इचारायचा हाय."

काय विचारायचं ते सांगेनात. मुश्ताकच्या लाँचचा कप्तान, इकडच्या भाषेत रईस, फत्ही नावाचा इजिप्तचा माणूस होता. ओळखीतून त्याचा नंबर काढला. तो म्हणाला, "या, या. मी सध्या वजहच्या पुढच्या एका बंदरात आहे." आणि फोनवर जागेची खूण पाठवली. माझ्या मुलानं, रेहाननं, ती नकाशावर मोठी करून पाहिली आणि म्हणाला, "पप्पा, देअर इज नथिंग देअर." त्याला म्हटलं, तू गप बस. बोललो खरा, पण माझ्याही मनात तेच होतं.

यान्बूच्या पुढे

खालूंच्या पिशवीत सुका जवळा होता. गावाहून माझ्यासाठी आणलेला, पण तो त्यांनी घरी न काढता सोबत घेतला, वाटेत लागेल म्हणून. वाटेत कशाला लागणार होता ते अल्लाला ठाऊक. यान्बू येईपर्यंत गाडीला आमच्या गावच्या वाळवणाचा वास सुटला आणि मी काचा उघडून थंडीत कुडकुडत गाडी चालवत होतो.

एका पेट्रोल पंपावर नमाजला थांबलो. मी चहा घेऊन परत येतो तर खालू गायब. पंपावर माझ्या गाडीसारख्या पांढऱ्या गाड्यांची रांग लागली होती. बघतो तर हे एका सौदी कुटुंबाच्या गाडीत मागच्या सीटवर मांडी ठोकून बसलेले, शेजारी दोन मुलं डोळे विस्फारून बघतायत. त्यांच्या बापानं खालूंना खजूर दिले होते आणि तो शांतपणे त्यांचं माणूस यायची वाट बघत होता. मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, "आमचे आजोबाही असेच बसायचे." आमच्याकडे परका म्हातारा गाडीत शिरला असता तर आधी आरडाओरडा झाला असता. खालू उतरताना मला म्हणाले, "गाडीला वास नाय आला तवाच मना कळला, आपली नाय म्हनून." मी हसलो, तेही हसले. या प्रवासातलं हसणं तिथं संपलं.

कारण पुढच्या टप्प्यात त्यांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "ऐक."

मुश्ताकनं बुडण्याच्या आदल्या दिवशी बापाला पाठवलेला आवाज होता. मी तो कधी ऐकला नव्हता. खालूंनी तो कुणालाच ऐकवला नव्हता, खालाला नुसतं तोंडी सांगितलं होतं. "बावा, सलाम आलेकुम. मी शरमात हाय. लय दिस झाले, भायेर पडाया जमत नाय. काय करू, तुमी सांगा." मागे एकसारखी घरघर होती. दुकानातला एसी असावा असं खालूंना वाटलं होतं. माझा धंदाच तो, तरी मलाही तसंच वाटलं.

"कसली शरम, अस्लम?" खालू म्हणाले. "तवा मी समजलो, दुकानात कायतरी केला. चोरी केली? कुनाची लेक फसवली? मग कळला, दर्यावर व्हता. मग बोललो, माजा सबुद मोडला त्याची शरम असंल. पन तेवड्यासाठी पोर असा बोलंल? लय दिस शरमात हाय, बोलतो. कायतरी मोटा केला असनार. त्या रईसाला म्हाईत असंल. मना तेवडाच इचारायचा हाय. अल्लाच्या दारात त्याच्यासाटी माफी मागायची तर कशाची मागू, ता तरी कळंल."

 मी विचारलं, "तुम्ही काय उत्तर दिलंत?"

खालूंचा चेहरा जरा उजळला. "मी ओरडलो नाय. जल्मात पयल्यांदा ओरडलो नाय. बोललो, पोरा, शरमात बसून ऱ्हऊ नको. भायेर ये. काय होयाचा नाय. मी हाय ना." फोन खिशात ठेवत म्हणाले, "ऐकला त्यानं. त्या निळ्या खुना आल्या व्हत्या. माज्या हातून तेवडा एकच चांगला काम झाला बग. पोर गेला तो बापाचा गोड सबुद ऐकून गेला."

उजव्या हाताला उघडे डोंगर आणि डाव्या हाताला समुद्र, असा तो रस्ता जातो. मैलोन्मैल माणूस दिसत नाही. कुठे कुठे काळ्या दगडांचं रान लागतं, जुन्या ज्वालामुखीचं. मी खालूंना ते दाखवायचा प्रयत्न केला. त्यांनी बघितलं आणि पुन्हा समोर बघत बसले.

उमलज

रात्र उमलजला काढली. इथलं पाणी इतकं नितळ की गोव्याच्या जाहिरातीत जे रंग वाढवून दाखवतात ते इथे तसेच पडलेले असतात. सकाळी खालूंना मासळी बाजारात नेलं. त्यांनी हात मागे बांधून पाहणी केली, परीक्षेला आलेल्या मास्तरासारखी. इथं ज्याला नाजिल म्हणून डोक्यावर घेतात तो त्यांच्या मते आपला गोबरा, नुसता लाल कपडे घातलेला. बांगडा बघून मात्र विरघळले. एका विक्रेत्याला मराठीतच सांगायला लागले, की बर्फ असा वर टाकू नये, खाली घालावा. तो बांगलादेशी होता, त्यानं "जी चाचा" म्हणून दोन फावडी बर्फ खाली सारला.

जेवायला सयादिया मागवली. कांदा काळपट होईपर्यंत परतून त्यात शिजवलेला भात आणि वर तळलेला मासा. मला आवडते. खालूंनी पहिला घास घेतला, थांबले, खिशातून आमसुलाची पुडी काढली आणि दोन आमसुलं भातात कालवली. "आता मानसाच्या जेवनासारका झाला," म्हणाले. मग निम्मा मासा तसाच ठेवून उठले. मुश्ताकला गोबरा आवडायचा, एवढंच म्हणाले.

पाटी

अल वजह मागे टाकलं, आणि फोननं डावीकडे वळायला सांगितलं. मुख्य रस्ता सोडून समुद्राकडे जाणारा बारीक रस्ता. वळणावर एक पाटी होती, उन्हानं सोलपटलेली. दोन शब्द असावेत, दुसरा पार उडून गेला होता. मी वेग कमी केला तसं खालूंनी मान वाकवली. त्यांना अरबी बोललेलं कळत नाही, पण कुराण रोज वाचतात, अक्षरं सगळी ओळखीची. मदरशातल्या पोरासारखी त्यांनी ती बोटानं लावली.

"शीन. रे. मीम." थांबले. "अस्लम, हिता शरम लिवलाय."

मी गाडी थांबवली.

जेद्दाच्या उत्तरेला अबहूर म्हणून खाडी आहे, आम्ही शुक्रवारी पोरांना घेऊन तिथे जातो, चटया टाकतो, कबाब भाजतो. सगळे अबहूरच म्हणतात. पण तिच्या पूर्ण नावात, सरकारी पाट्यांवर, हाच शब्द आहे. शर्म. म्हणजे जमिनीत आत घुसलेलं समुद्राचं पाणी, खाडी. या किनाऱ्यावर अशा कितीतरी शर्म आहेत. इथल्या मासेमारांच्या तोंडी तो रोजचा शब्द असणार, आणि त्यांच्यात राहून तो मुश्ताकच्याही तोंडी बसला असणार.

"खालू," मी म्हटलं, "शर्म म्हणजे खाडी. इकडे खाडीला शर्म म्हणतात."

त्यांना कळायला वेळ लागला. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ हलत होते, मुलाचं वाक्य ते पुन्हा लावून बघत असावेत. मी शरमात हाय. लय दिस झाले. भायेर पडाया जमत नाय.

"खाडीत व्हता?"

"खाडीत होता. वारा असेल. लाँच आत घेऊन थांबले असतील. ती मागची घरघर होती ना, ती वाऱ्याची."

"म्हंजी त्यानं कायच केला नव्हता?"

"काहीच नाही, खालू."

ते दार उघडून उतरले. त्या गुडघ्यांनी, त्या खड्यांवर, किबल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंड करून सजद्यात गेले. उठले तेव्हा कपाळाला वाळू होती आणि दाढीतून पाणी गळत होतं. "माजा पोर साफ व्हता," ते म्हणत होते. "माजा पोर साफ व्हता रे, अस्लम. मीच बाप असून काय काय मनात आनला." वर्षभर त्या माणसानं आपल्या मुलाला मनातल्या मनात चोर ठरवलं होतं, बदफैली ठरवलं होतं, आणि आता एका सोललेल्या पाटीनं तो निर्दोष सुटला होता. मलाही रडू आलं.

आणि मी स्टिअरिंग धरून बसलेला असताना दुसरं वाक्य माझ्या डोक्यात आलं. बापाचं. शरमात बसून ऱ्हऊ नको. भायेर ये. काय होयाचा नाय. मी हाय ना.

मुश्ताकला वाटत होतं, बाप जाणतो मी समुद्रावर आहे. त्यानं वाऱ्यात अडकून एका जाणत्या तांडेलाला विचारलं होतं, काय करू. आणि तांडेलानं सांगितलं होतं, बाहेर ये.

 मनात आलं, गाडी वळवावी. टायरचं काहीतरी सांगावं, इंजिनचं सांगावं. खालूंना हवं ते उत्तर मिळालं होतं, तेवढंच घेऊन त्यांनी गावी जावं. मी म्हटलंही, "खालू, आता त्या रईसाला भेटून काय करायचं? कळलं ना?" पण ते गाडीत बसले होते, डोळे पुसत होते, आणि 'चला'साठीचा जेद्दात शिकलेला एकुलता एक अरबी शब्द उत्साहानं म्हणत होते. "यल्ला, यल्ला. ज्यानं माज्या पोराला सांबाळला त्याच्या गळ्यात पडू दे मना."

बंदर

ती जागा सुंदर आहे हे लिहायला हात धजत नाही, पण आहे. नॉर्वेकडच्या चित्रांत समुद्र डोंगरात शिरलेला दाखवतात ना, तसाच इथेही शिरलाय, फक्त झाडं आणि बर्फ काढून घेतल्यावर जे उरेल ते. लालसर कातळ, मधे गडद निळं पाणी, तोंडाशी अरुंद वाट. आत मूठभर होड्या, सिमेंटचा एक धक्का, बर्फाची शेड, किनारा चौकी, आणि मांजरं. कडेला थोडी तिवरं. खालूंनी गाडीतून उतरताच सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "नदी कुटं हाय?" नदी नाही म्हटल्यावर त्यांना पटेना. आमच्याकडे खाडी म्हणजे नदीनं समुद्राला दिलेला हात. इथे कोरड्या ओढ्याच्या जागी समुद्र एकटाच आत येऊन बसलेला. "नदीबिगर खाडी," ते म्हणाले आणि मान हलवली.

फत्ही धिप्पाड माणूस होता. त्यानं खालूंना बघताच "अबू मुश्ताक! अबू मुश्ताक!" करत मिठीत घेतलं. इकडे माणसाला मुलाच्या नावानं हाक मारतात, मुश्ताकचा बाप. ती हाक खालूंना कळली. ते त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभे राहिले.

शेडच्या सावलीत चहा आला, साखरेचा पाकच. आजूबाजूचे खलाशी येऊन खालूंचा हात हातात घेऊन जात होते. बुडून मेलेला शहीद असतो, असं प्रत्येक जण सांगत होता आणि मी ते मराठीत करून देत होतो. माझं अरबी बाजारापुरतं, पण एवढं जमत होतं. खालू प्रत्येकाला छातीवर हात ठेवून सलाम करत होते. किती दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

मग त्यांनी समुद्राच्या तोंडाकडे बघितलं. जन्मभराची सवय. वारा, पाणी, वाट, सगळं एका नजरेत घेतलं. आणि मला भीती वाटत होती तोच प्रश्न आला.

"अस्लम, त्याला इचार, वारा कसला व्हता?"

विचारलं. "उत्तरेचा, वाईट," फत्ही म्हणाला. मी सांगितलं.

"मंग माजा पोर गेला कशाला?" खालूंच्या कपाळावर आठ्या पडल्या. "पोर व्हता तवापासून मी त्याला शिकवलेला. असल्या वाऱ्यात माज्या घरचा पोर खाडीच्या भायेर जानार नाय. कुनी पाटवला त्याला? इचार."

मी फत्हीकडे वळलो आणि अरबीत विचारलं, मुश्ताक नमाज पढायचा का? फत्ही म्हणाला, पाचही वेळा. मी खालूंना म्हटलं, "तो म्हणतो, त्याला नीट आठवत नाही."

बस, एवढ्यावर निभावलं असतं. पण फत्हीला पाहुण्याला काहीतरी द्यायचं होतं. त्याच्यापाशी जे सगळ्यात चांगलं होतं ते त्यानं काढलं. खालूंचा गुडघा थोपटत, हसत, डोळ्यांत पाणी आणून तो मराठी बोलला.

"शर्म... नको. बायेर ये! काय होयाचा नाय. मी हाय ना!"

त्याला 'भ' म्हणता येत नव्हता. बाकी सगळं जसंच्या तसं होतं. बापाचा चढउतारसुद्धा.

मग तो अरबीत भडाभडा सांगत सुटला. मुश्ताकनं तो आवाज सगळ्या लाँचला ऐकवला होता, पुन्हा पुन्हा. माझा बाप, म्हणत होता, कधी गोड बोलत नाही, आज बोलला बघा. बापाला न सांगता मी दर्यावर आलो, तरी रागावला नाही. त्याला तिथे बसून इथला वारा कळतो. चौकीनं वाऱ्यामुळे घातलेली बंदी उठवली होती, पण फत्हीचं मत होतं अजून थांबू. बर्फ संपत आला होता, मासा खराब व्हायला लागला होता. मुश्ताक म्हणाला, मी छोट्या होडीतून मासा वजहला पोचवतो, बावा बोलले काही होत नाही. फत्ही त्याला अडवू शकला नाही. "ज्याचा बाप एवढा मोठा रईस, त्याला मी काय सांगणार?" त्या दिवसापासून या धक्क्यावर लाँच सोडताना पोरं एकमेकांना तसंच ओरडतात, मुश्ताकची आठवण म्हणून. बायेर ये.

मी यातलं काहीच मराठीत केलं नाही. खालूंनी विचारलंही नाही. चहाचा पेला त्यांच्या हातात तसाच होता. त्यांनी तो खाली ठेवला, सांडू नये अशा बेतानं, आणि म्हणाले, "मी पाटवला."

"खालू, तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही दुसरंच..."

"मीच पाटवला."

 लोक म्हणतात, नशीब. मी म्हणून बघितलं, जीभ जड होते. एका बापानं जन्मात एकदा मुलाला मायेनं हाक मारली आणि त्या हाकेनं मुलगा बुडाला. ओरडला असता तर वाचला असता. यात मला कुठे देव दिसत नाही, शहाणपण दिसत नाही, काहीच दिसत नाही.

संध्याकाळी गावाहून खालाचा फोन आला. खालूंनी तो माझ्यापुढे धरला. "इचारला का?" खाला म्हणाली. "कसली शरम व्हती माज्या पोराला?"

"कसलीच नाही, खाला. इकडे शर्म म्हणजे खाडी. तो खाडीत थांबला होता, एवढंच."

पलीकडे ती रडायला लागली, आनंदानं. "मी बोलत व्हते ना! माजा पोर तसा नाय!" मी फोन धरून उभा होतो आणि विचार करत होतो, ती काही वेडी नाही. आज ना उद्या तिला कळणारच, की पोर दर्यावर आहे हे तिनं वेळेवर सांगितलं असतं तर बापानं 'बाहेर ये' म्हणण्याआधी वारा कसा आहे ते विचारलं असतं. त्या घरात दोघंच राहतात. कुणी कुणाला काय सांगायचं?

दुसरी सकाळ

फत्हीनं आम्हाला त्याच्या खोलीत झोपवलं. पहाटेची नमाज झाली, उजाडलं. समुद्र मी असा कधी पाहिला नव्हता. कातळाचा रंगसुद्धा पाण्यात न हलता पडलेला. इंजिनं सुरू होत होती, डिझेलचा वास सुटला होता. सगळ्यात पुढच्या होडीवरच्या माणसानं दोर सोडायला घेतला आणि मागच्याला हसत आरोळी दिली, "बायेर ये!"

खालू माझ्या शेजारी होते, क्षणात नव्हते. त्या गुडघ्यांनी ते धक्क्यावरून धावले. सुटत आलेला दोर त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि खुंट्याला वेढे मारले, तांडेलाच्या हातानं, बघता बघता. मग दुसऱ्या होडीचा. "जाव नको," ते मराठीत ओरडत होते. "कुनी जाव नको. वारा येनार हाय. मी सांगतो. मना कळतो. वारा येनार हाय." होड्यांमधली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं दोर सोडवायला हात घातला तर खालू त्या खुंट्यालाच मिठी मारून बसले.

फत्हीनं मला विचारलं, काय म्हणतोय. मी सांगितलं. त्यानं आभाळाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, आंधळ्यालाही कळलं असतं की आज वारा नाही. मग तो खालूंकडे बघत राहिला. त्यानं हात वर केला आणि आपल्या लाँचचं इंजिन बंद करवलं. काहीतरी तो बाकीच्यांना म्हणाला, खालच्या आवाजात. एकेक करून सगळी इंजिनं बंद झाली.

त्या दिवशी त्या खाडीतून एकही होडी बाहेर गेली नाही. माणसं जाळी शिवत बसली, चहा करत राहिली. खालू धक्क्याच्या टोकाला, उत्तरेकडे तोंड करून बसले. मी जेवण नेलं, ते त्यांनी बघितलं नाही. "येईल," म्हणाले. "थांब. येनारच." मी त्यांच्या मागे सावलीत बसलो आणि त्यांच्यासाठी, लाज वाटते लिहायला, वारा मागत राहिलो. थोडासा तरी यावा, पाण्यावर सुरकुती तरी पडावी, या माणसाचं एकदा तरी खरं ठरावं.

दुपार गेली, ऊन उतरलं. खालू बोट ओलं करून हवेत धरत होते, खाली घेत होते, पुन्हा धरत होते. अंधार पडेपर्यंत वारा आला नाही.